मांडीवरचा नकाशा

आमच्या घरात कुणी डावं-उजवं म्हणत नाही. उंब्रजजवळ मळ्यात घर आहे. चुलती भाकरी थापता थापता सांगते, "उगवतीच्या फळीवरचा डबा दे गं." जेवायला बसलं की थोरले चुलते, ज्यांना आम्ही सगळे तात्या म्हणतो, ते म्हणतात, "जरा दक्षिणंला सरक, माजं ताट मावंना." मी चौथीपासून पाचगणीच्या इंग्रजी शाळेत, बोर्डिंगमध्ये होते. सुट्टीत घरी आले की उगवत कुठली आणि मावळत कुठली, हे सगळ्यांना माहीत असायचं आणि मला नसायचं. विचारायची लाज वाटायची. मग मी चुलतीचे डोळे बघायला शिकले. डबा मागताना तिची नजर आधी फळीकडे जायची, माझा हात तिच्यामागोमाग. दिशा शिकायची राहूनच गेली, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही, असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं.

कऱ्हाडच्या अकॅडमीत विमान चालवायला शिकू लागले तेव्हा ही गोष्ट पुन्हा समोर आली, आणि ती मांडीवरच्या नकाशावर येऊन बसली.

नकाशा म्हणजे घड्या घातलेला मोठा कागद. त्यावर पेन्सिलीने रस्ता आखायचा, दर काही मिनिटांवर खूण करून वेळ लिहायची, आणि खाली दिसणारं गाव, नदी, पूल कागदावरच्या गाव, नदी, पुलाशी जुळवत जायचं. समोर जीपीएसचा पडदा असतो, पण परीक्षेच्या वेळी सर तो बंद करतात. आता हा कागद धरायचा कसा, यावर वैमानिकांमध्ये दोन घरं आहेत. एका घराची माणसं उत्तर कायम वर ठेवतात. विमान कुठेही वळो, कागद हलत नाही, गावांची नावं सरळ वाचता येतात. दुसऱ्या घराची माणसं कागद फिरवतात. ज्या बाजूला विमान चाललंय ती बाजू वर. मग डावीकडची नदी कागदावरही डावीकडे येते, फक्त नावं आडवी-उलटी होतात. पडद्यावर तर दोन्हीसाठी बटण असतं. बॅचमधली मुलं कँटीनमध्ये यावरून वाद घालायची. मी चहा पीत ऐकायचे.

आमचे सर पहिल्या घरातले. वर्गातल्या पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, "उत्तर वर. नेहमी." मी मान डोलावली. आणि विमानात बसल्यावर, सरांचं लक्ष बाहेर असताना, कागद हळूच फिरवून घेऊ लागले. उत्तर वर ठेवून दक्षिणेला जायचं म्हटलं की डावं उजवीकडे जायचं आणि माझं डोकं जड व्हायचं. फिरवला की सगळं सोपं. मग मला कुठलीच दिशा माहीत असायची गरज नव्हती. जमिनीकडे बघायचं, कागदाकडे बघायचं, विमान वळवायचं. चुलतीच्या डोळ्यांसारखंच ते.

एकट्याने लांबच्या प्रवासाला सोडण्याआधी सर शेजारी बसून एक परीक्षा घेतात. ती पास झाली तरच पुढचं. दोनदा नापास झालेल्याला मागच्या बॅचबरोबर पुन्हा सुरुवातीपासून बसावं लागायचं, आणि आमच्या आधीच्या दोघांनी तसं बसण्याऐवजी सामान बांधलं होतं. मला एकटीने उडायचं होतं. का, ते मी घरीही नीट सांगू शकले नसते. वर गेल्यावर कुणी आपल्याकडे बघत नाही, एवढंच कदाचित.

पहिल्या परीक्षेच्या दिवशी सकाळी धुकं विरळ होत होतं. आम्ही कऱ्हाडहून आग्नेयेला, सांगलीकडे निघालो. खाली कृष्णा वळणं घेत आमच्याबरोबर चालली होती, कधी चांदीच्या पत्र्यासारखी, कधी नुसती उसातली काळी फट. गुऱ्हाळांचे धूर थोडे वर येऊन एकाच बाजूला आडवे होत होते. मला आठवतंय, मला फार शांत वाटत होतं. सांगलीचा पूल दिसला तसे सर म्हणाले, "समज, काही कारणाने सांगलीहून पुढे जाता येत नाही. पाटणला चल."

मी नकाशावर रेघ मारली, त्यावर प्रोट्रॅक्टर ठेवला आणि उत्तरेपासूनच्या कोनाचा आकडा वाचला. एकशेतीस अंश. विमान जेमतेम वळवावं लागलं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

सरांनी सहा-सात मिनिटं मला तसंच जाऊ दिलं. मग म्हणाले, "पाटण कसं आहे गं? कधी गेलीयेस?"

"हो सर. डोंगरात आहे. कोयनेच्या काठी."

"डोंगर दिसतोय का कुठे?"

समोर सपाट, तांबूस जमीन होती, धुरकट होत आकाशात मिसळणारी. मी मागे वळून बघितलं. सगळे डोंगर आमच्या पाठीमागे होते.

"अशीच जात राहिलीस तरी पाटण येईल," सर म्हणाले. "पृथ्वी गोल आहे. पण आपल्याकडे इंधन साडेतीन तासांचंच आहे आणि मला दुपारी जेवायचंय."

उलट्या धरलेल्या कागदावर मी प्रोट्रॅक्टरही उलटा ठेवला होता. पाटण तीनशेदहावर होतं. मी बरोबर विरुद्ध दिशेला, कर्नाटकाकडे चालले होते. नापास झाले ते त्या आकड्यामुळे नाही. आकडा कुणाचाही चुकतो. पण चुकीच्या आकड्यावर विमान सात मिनिटं गेलं आणि मला आतून काहीच टोचलं नाही, म्हणून नापास झाले, आणि याचीच मला भीती वाटली.

दुसऱ्या परीक्षेला तीन आठवडे होते. मी चार दिवस घरी आले. घरी काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तात्यांबरोबर उसात पाणी बघायला गेले. तात्या सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेत. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "तात्या, सैन्यात नकाशा कसा धरायचा?"

"जमिनीसारका. म्होरं डोंगर आसला तर नकाशातला डोंगरबी म्होरं. का गं?"

"आमचे सर म्हणतात, उत्तर वर."

"मंग तुजं सर खुर्चीत बसून चालवत आसतील."

"विमान खुर्चीत बसूनच चालवतात, तात्या."

"व्हय की," म्हणून ते बराच वेळ मनाशी हसत राहिले. मग म्हणाले, "चुकलीस का काय?"

मी हो म्हणाले. उसात कुणाचा चेहरा नीट दिसत नाही, म्हणून असेल, पण मी त्यांना सगळं सांगितलं. एकशेतीस, पाठीमागचे डोंगर, सात मिनिटं.

ऊस डोक्याच्या वर गेला होता. सूर्य माथ्यावर, सावली पायाखाली. तात्या थांबले. "मावळत कुठं हाय, दाव."

मी त्यांच्याकडे बघितलं.

"माज्याकडं नगं बघूस," ते म्हणाले, आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. "ल्हानपनापास्नं बघती हाईस तू. मी काय आंधळा न्हाई."

पाती एकमेकांवर घासल्याचा आवाज येत होता. एवढी वर्षं मला वाटत होतं, हे फक्त मलाच ठाऊक आहे. मी अंदाजाने हात केला. त्यांनी एक डोळा उघडला.

"तिकडं हीर हाय, पोरी. दक्षिन ती. हायवेचा आवाज कुटनं येतूय?"

मी कान दिला. लांबून ट्रकांची एकसारखी घरघर येत होती. तिकडे हात केला.

"ती मावळत. पाठीमागं नदी, ती उगवत. एवढंच हाय." ते वाकून सरीतलं पाणी वळवू लागले. "माजा एक जोडीदार हुता. त्यो उत्तर वर धरूनच चालायचा, कवा चुकला न्हाई. मी फिरवायचो, मीबी न्हाई चुकलो. दोगांस्नीबी मावळत ठावं हुती. नकाशा कसाबी धर तू."

उरलेले दिवस मी मनातल्या मनात तेवढंच करत राहिले. ब्रश उत्तरेला ठेवला. दार दक्षिणेकडे उघडतं. चुलतीने डबा मागितला की मी मुद्दाम चुलीकडे बघायचे आणि मग हात करायचे. एकदा भलताच डबा दिला, तर ती म्हणाली, "आज कुटं हाय ध्यान?" अकॅडमीत परतल्यावर कँटीनमध्ये, वर्गात, बसमध्ये, कुठेही असले तरी मावळत कुठे आहे ते सापडल्याशिवाय मला चैन पडेना. हळूहळू ते शोधावं लागेनासं झालं. पाठीला ऊन लागतं तसं ते नुसतं लागायचं. दुपारी डुलकीतून जागी झाले तरी डोळे उघडायच्या आधी सह्याद्री पायथ्याशी असायचा, माझ्या पलंगाच्या पायथ्याशी.

दुसऱ्या परीक्षेच्या सकाळी विमानात चढताना सरांनी माझा नकाशा मागितला. उलगडून बघितला. "तू फिरवतेस," ते म्हणाले.

मी कागदाकडे बघितलं, कुठे दिसतंय ते.

"वेळा बघ कशा लिहिल्यायत. छापलेलं सगळं सरळ आणि तुझं सगळं उलटं. पहिल्या महिन्यापासून बघतोय." त्यांनी तो परत दिला. "मी उत्तर वर म्हणतो, कारण फिरवणारी मुलं प्रोट्रॅक्टरला फसतात. तू फसलीसच. आता धर कसा धरायचा तो. लपवू नकोस, लपवण्यात हात गुंततो."

पुन्हा तीच नदी, पण त्या दिवशी धुरकट जास्त होतं. क्षितिज नव्हतंच. आम्ही दुधात लटकल्यासारखे होतो आणि खाली उसाचे चौकोन सावकाश मागे सरकत होते. सांगलीचा पूल आला. सर म्हणाले, "पाटण."

मी नकाशाला हात लावण्याआधी उजवा हात उचलला आणि खांद्यामागे, विमानाच्या शेपटीकडे केला. "तिकडे आहे, सर." डोंगर दिसत नव्हते. तरी मला ते तिथे आहेत हे माहीत होतं. मग रेघ मारली, आकडा वाचला. तीनशेदहा. आकडा माझ्या हाताशी जुळत होता. नकाशा फिरवलेलाच होता, सरांदेखत.

विमान वळलं, आणि बराच वेळ पांढऱ्याशिवाय काही नव्हतं. सर खिडकीबाहेर बघत होते. मीही वाट बघत होते, पण घाबरले नव्हते. मग पांढऱ्यात एक निळी रेघ आली, तिच्या मागे दुसरी, तिसरी. डोंगरांच्या मधून कोयना आली. पाटण नाकासमोर होतं.

"परत चल," सर म्हणाले. उतरल्यावर त्यांनी वहीत सही केली आणि जेवायला गेले.

त्यानंतर चार दिवसांनी मी एकटी निघाले. पहिला टप्पा साताऱ्याचा, जवळजवळ उत्तरेचा. शेजारची खुर्ची रिकामी होती आणि विमान हलकं झाल्यासारखं वाटत होतं. कागद मांडीवर घेतला तेव्हा लक्षात आलं, फिरवायला काही नव्हतंच. उत्तरेला जाताना दोन्ही घरची माणसं नकाशा सारखाच धरतात. सरांनीही तो असाच धरला असता. तारळी कृष्णेला मिळते तिथे उंब्रज आलं, हायवेवरचे ट्रक मुंग्यांसारखे, आणि मग हायवे आणि नदीच्या मध्ये आमचा मळा, हिरव्या रुमालाएवढा. त्यात कुठेतरी तात्या उभे असणार. मी हात हलवला नाही. फक्त वेळ लिहिली, सरळ अक्षरात.

संध्याकाळी तात्यांना फोन केला. "आज आपल्या मळ्याच्या मावळतीनं गेले," मी म्हणाले. "साताऱ्याला जाताना."

ते क्षणभर थांबले, जशी मी डबा शोधताना थांबायचे.

"मंग हीर तुज्या उजव्या हाताला आली आसंल," ते म्हणाले.