बॅटरी बदलण्यापूर्वी

बिनतारी व्हॅक्यूम क्लीनर दोन मिनिटांत बंद पडू लागला, तर बॅटरी संपली असे समजावे काय? शेजारच्या इमारतीचे पाडकाम सुरू होते आणि धुळीने पत्नीचा खोकला थांबत नव्हता. म्हणून हा प्रश्न घेऊन मी मुलुंडमधील आमच्या दुरुस्तीवाल्यांकडे गेलो.

हे मालवणी गृहस्थ यंत्राला सहसा हात लावत नाहीत. ते ग्राहकाकडूनच उघडवून घेतात.

"नवी बॅटरी बसवा," मी म्हणालो.

"फिल्टर कधी धुतलात, मास्तर?"

"तो धुवायचा असतो?"

"मग काय पूजेक लावतास? काढा तो!"

"तुम्हीच काढा ना."

"फळ्यावरचं गणित पोरांकडूनच सोडवून घ्यायचात ना? मग?"

मी फिल्टर काढला. तो सिमेंटच्या धुळीने लिंपला होता. हवा कोंडली की यंत्र आपोआप थांबते, असे सांगून त्यांनी मला विकण्यासाठी काढलेली नवी बॅटरी फडताळात परत ठेवली.

फिल्टर धुऊन मी दिवसभर वाळवला. दुसऱ्या दिवशी सगळे घर एका दमात स्वच्छ झाले. पत्नी खोकली नाही, हसली मात्र: "एवढं शिकायला निवृत्त व्हावं लागलं!"

वाचकांनी माझ्या शब्दावर विसंबू नये. आपापला फिल्टर स्वतः काढून पाहावा.