सात की आठ

शिलाई मशीनवाल्या काकूंचा पुढचा वरचा दात पडला आणि त्यांच्या बोलण्यातला ‘स’च पळाला. उमर गेली दातानं दोरा तोडण्यात, तेव्हा दात जायचाच होता, असं म्हणून त्या गप्प राहिल्या असत्या. पण मापं घ्यायच्या त्या, लिहून घ्यायची सून. काकू म्हणाल्या, “मुंढा सात,” सुनेनं ऐकलं आठ. बाही जोडायचा मुंढा भलताच खोल कापला गेला, गिऱ्हाइकाचा नवाकोरा ड्रेस वाया गेला. त्या दिवसापासून काकूंनी मापाची टेप सुनेच्या गळ्यात घातली आणि स्वतः मशीनमागे तोंड मिटून बसल्या. बोलल्याच तर ‘स’ नसलेले शब्द हुडकून बोलायच्या. माणसांशी गप्पा मारत मापं घेणारी बाई, आतल्या आत मिटत चालली.

शेवटी सुनेनंच त्यांना दातांच्या दवाखान्यात ओढून आणलं. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, “ब्रिज बसवू. शेजारचे दोन दात थोडे घासून बारीक करायचे, त्यांवर टोप्या आणि मधे नवा दात. तिन्ही एकसंध.”

काकू खुर्चीतून उठल्याच. “अहो, त्या बिचाऱ्यांनी काय घोडं मारलंय? चांगले धडधाकट दात कोरायचे? देवानं दिलेत ते!”

“आई, परवा तो कोपरावर फाटलेला कोट आला होता,” सून म्हणाली. “भोकाभोवतीचं चांगलं कापड तुम्ही कातरलंत. गिऱ्हाईक किती ओरडलं!”

“ओरडेना का! भोकाच्या कडा विरलेल्या, टाका कुठे धरणार? धड कापडाला कात्री न लावता जोड पक्का होतो होय?”

बोलून गेल्या आणि थबकल्या. सून ओठ दाबून भिंतीकडे बघत राहिली.

“फार वकिली करतेय हं,” काकू पुटपुटल्या.

मग शेजारच्या त्या दोन दातांवरून त्यांनी जीभ फिरवली. आजवर त्यांनी निमूट घास चावला, कधी दुखले नाहीत, हलले नाहीत. डोळे मिटून मनात म्हणाल्या, देवा, तुझीच वस्तू, घासायला देतेय. रागावू नकोस.

खुर्चीत बसल्या, पदर नीट केला.

“कोरा,” डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या. “पण बेतानं हं. कापड जुनं आहे.”