दोरीच्या आत पडलेले तीळ

हाडं बघायला विमानानं जाणारी आमच्या घराण्यातली मी पहिलीच. ॲन आर्बरला माझी भाची रिया राहते, धाकट्या बहिणीची मुलगी. जन्म तिथलाच. हाडांवरून माणूस ओळखायचा, हे तिचं विद्यापीठातलं काम. मी तिच्याकडे राहायला गेले आणि जूनमध्ये तिला मोंटानाला जायचं निघालं. मीही येते म्हटल्यावर ती म्हणाली, "मावशी, इट्स अ ग्रेव्ह. पिकनिक नाहीये." मी तिला सांगितलं, मी साताऱ्याची. आमच्या गल्लीत घरटी एक फौजी. मेलेल्या शिपायाची भीती मला घालू नकोस.

विमानतळावरून पुढे भाड्याची गाडी. शहर मागे पडलं आणि माळ सुरू झाला. फलटणकडे जाताना लागतो तसाच, पण हा संपायचं नावच घेत नव्हता. गवत, वारा, आणि उगीचच एवढं मोठं आभाळ. मधूनमधून सेजची झुडपं (राखाडी पानांची, चुरगळली की कापरासारखा उग्र वास येणारी). रिया गाडी चालवताना गप्प होती. एरवी तिची टकळी चालू असते, म्हणून मी कारण विचारलं. तेव्हा तिनं डोरोथीबाईंबद्दल सांगितलं.

या माळावर दीडेकशे वर्षांपूर्वी अमेरिकन फौज आणि इथले मूळ रहिवासी यांची लढाई झाली. मेलेल्या शिपायांना घाईघाईनं, जिथे पडले तिथेच माती दिली गेली. पुढे बऱ्याच जणांचे अवशेष उचलून एकत्र पुरले, पण काही राहून गेले. यंदा वसंतात एका कूलीचा (पावसाच्या पाण्यानं पडलेली खोल घळ) काठ ढासळला आणि आतून बूट आणि पायाची हाडं दिसली. जवळ फौजेची बटणं निघाली, म्हणजे शिपाईच. पण कोणता?

डोरोथीबाई आयोवाहून आल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढे, पायात पांढरे बूट, हातात काठी. त्यांच्या आजोबांचा थोरला भाऊ हेन्री याच फौजेत होता. लढाईनंतर तो मेलेल्यांत सापडला नाही आणि जिवंतांतही नाही, म्हणून फौजेनं त्याला पळपुटा ठरवलं. घरानंही तेच मानलं. त्याचा फोटो पेटीच्या तळाशी पालथा पडून राहिला तो राहिलाच. बाईंनी तो पर्समधून काढून मला दाखवला. जेमतेम मिसरूड फुटलेला पोरगा, गणवेश ढगळ, उजवा खांदा डाव्यापेक्षा चांगलाच खाली. फौजेत जाण्याच्या आदल्या वर्षी तो धान्याच्या कोठारावरून पडला होता आणि मोडलेलं गळ्याजवळचं हाड वेडंवाकडं जुळलं होतं, ही गोष्ट मात्र घरात सगळ्यांना ठाऊक होती. तो इथेच पडला असं ठरलं, तर मरायच्या आधी मला हा फोटो भिंतीवर लावायचा आहे, असं त्या म्हणाल्या.

त्या संध्याकाळी गावातल्या एकुलत्या एक हॉटेलात जेवायला गेलो. मी शाकाहारी आहे हे वाढणारीला नीट समजावून सांगितलं. तिनं मान डोलावली आणि बर्गरमधलं मांस काढून उरलेला पाव माझ्यापुढे ठेवला, आत काकडीची एक चकती. पावावर तीळ मात्र भरपूर होते. ते बघून माझ्या डोक्यात एक विचार आला.

त्याचं असं झालं, की दुपारी मी रे यांना पाहिलं होतं. रे इथल्या जमातीतले वडीलधारे. जमीन त्यांच्या पूर्वजांची, त्यामुळे खोदताना त्यांनी हजर असायचं असा रिवाज. काम सुरू होण्याआधी त्यांनी खिशातून चिमूटभर तंबाखू काढून मातीवर ठेवली आणि काहीतरी पुटपुटले. ज्यांच्याशी त्यांचे पूर्वज लढले, त्यांच्यासाठी. मला ते फार आवडलं. मग आपण नुसतं बघत बसायचं का? आमच्याकडे तर्पण काळ्या तिळांनी करतात, पुरुष करतात. पण मोंटानात काळे तीळ आणि भटजी कुठून आणणार? मी पावावरचे तीळ खरवडून कागदी रुमालात बांधले. मुक्कामावर परतायच्या आधी रिया सामान बघायला पुन्हा खोदकामाच्या जागी गेली, तेव्हा मी खड्ड्याभोवती बांधलेली दोरी ओलांडून बाटलीतल्या पाण्याबरोबर थोडे तीळ सोडले. मन शांत झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माती चाळत उभ्या असलेल्या सहकारिणीनं रियाला हाक मारली. दीडशे वर्षांच्या मातीत तिला बिया सापडल्या होत्या आणि ती हरखून गेली होती. रियानं एक बी नखावर घेऊन पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं.

"मावशी, हे रोस्टेड आहेत."

मी शरमेनं अर्धी झाले. इथे मातीचा कण न् कण तपासतात, आणि मी त्यात बर्गरचे तीळ कालवले होते. रियानं नियमाप्रमाणे त्याची नोंद केली. सहकारीण हसून हसून खाली बसली. रे गंभीरपणे मला म्हणाले, "तंबाखू मी दोरीच्या बाहेर ठेवतो."

दुपारी बरगड्या लागल्या. रिया पालथी पडून बांबूच्या काडीनं, कुंचल्यानं माती काढत होती. तिच्या आईनं तिला कधी एक काम धड बसून करताना पाहिलं नाही, आणि इथे ही पोरगी तासन् तास हलली नव्हती. माझा ऊर भरून आला. मग उजव्या बाजूचं गळ्याजवळचं हाड मोकळं झालं. मला त्यातलं काही कळत नाही, पण एवढं दिसलं. हाड सरळ होतं. कुठे गाठ नाही, सांधा नाही, बाक नाही.

रिया उठली, गुडघे झटकले आणि खुर्चीवर बसलेल्या डोरोथीबाईंपाशी जाऊन उकिडवी बसली. लॅबची तपासणी अजून व्हायची आहे, पण हा हेन्री नाही, असं तिनं सरळ सांगून टाकलं. बाईंनी मान हलवली. हेन्री खरंच पळाला होता की दुसऱ्या कुठल्या घळीत पडला होता, हे आता त्यांच्या हयातीत कळणार नव्हतं. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

मग त्या माझ्याकडे वळल्या आणि सकाळचे ते तीळ कशासाठी होते, असं विचारलं. मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. अडलं तिथे रियानं मदत केली. गेलेल्यांना आम्ही तीळ आणि पाणी देतो. आपल्या माणसांना देतो, आणि ज्यांचं कोणी नाही त्यांनाही एक ओंजळ देतो.

"नाव माहीत नसलं तरी?"

"तरी."

रुमालात थोडे तीळ उरले होते. आम्ही दोरीच्या बाहेर गेलो, चांगलं लांब. मी विचारल्यावर रे यांनी हातानं दक्षिण दाखवली. मी बाईंच्या तळहातावर तीळ ठेवले, रियानं पाणी घातलं, आणि पाणी अंगठ्याच्या बाजूनं कसं सोडायचं ते मी दाखवलं. एक ओंजळ सोडून झाल्यावर त्यांनी हात पुन्हा पुढे केला.

"हेन्रीचंही कोणी नव्हतं," त्या म्हणाल्या. "आम्ही असून."

परतीच्या वाटेवर रियाची टकळी पुन्हा सुरू झाली. पुढे मी साताऱ्याला आले. लॅबनंही तेच सांगितलं, आणि त्या सरळ हाडाच्या पोराला अजून नाव मिळालेलं नाही. रिया शोधते आहे. मी पुन्हा तिथे जाईन असं वाटत नाही, पण माळावरचं ते आभाळ डोळे मिटले की दिसतं. सर्वपित्रीला भावानं तर्पण केलं, तेव्हा त्या पोरासाठी एक ओंजळ मी हक्कानं जास्त मागून घेतली. या वेळी काळे तीळ होते.

त्याच आठवड्यात रियानं डोरोथीबाईंच्या घरचा एक फोटो पाठवला. दिवाणखान्याची भिंत, लग्नांचे, नातवंडांचे फोटो, आणि मधोमध हेन्री. खाली बाईंनी लिहिलं होतं, पळाला असला तरी आमचाच आहे. उजवा खांदा तसाच खाली होता, आणि चौकटही त्या बाजूला जराशी कललेली होती.