सव्वा तासाचा चिरूट

देवासच्या नारायणराव साबळ्यांनी वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी चिरूट ओढायला सुरुवात केली, ही बातमी कॉलनीत एका दिवसात फिरली आणि कुणाचाच तिच्यावर विश्वास बसला नाही. बसणार कसा? हा माणूस सदतीस वर्षं सूतगिरणीत राहिला, आजूबाजूला विडी-गुटख्याचा सुकाळ, आणि यानं साधी सुपारीसुद्धा कधी दाढेखाली धरली नाही. कराडहून एक वळकटी घेऊन नोकरीला आला, शेडमधल्या हवेचा ओलावा सांभाळायचं काम मिळालं, आणि तेच करत निवृत्त झाला. सुताला कोरडी हवा चालत नाही, धागा तुटतो. माळव्याच्या उन्हाळ्यात जिथं माणसाचे ओठ फुटतात, तिथं सुताची काय कथा! तेव्हा दिवसभर काट्यावर नजर ठेवायची, ओलावा उतरला की फवारे सोडायचे. असलं सरळ, अळणी आयुष्य काढलेला माणूस, आणि हातात चिरूट. आता बोला.

लोकांनी आपापली कारणं लावली. शेजारचे भैयासाहेब म्हणाले, पोरगा पुण्याला बक्कळ कमावतोय, म्हातारपणी साहेबी चढली, दुसरं काय. नारायणरावांच्या बायकोनं, सुमंगलाबाईंनी, आधी दोन दिवस अबोला धरला आणि मग हात टेकले. खरं कारण कुणालाच ठाऊक नव्हतं. ते धारला राहत होतं आणि त्याचं नाव वेदिका होतं.

वेदिका म्हणजे नारायणरावांची मुलगी. सहा वर्षांपूर्वी ती धारच्या हंबीररावांची सून झाली. आणि साबळ्यांच्या घरची जुनी रीत अशी, की मुलीला मूल होईपर्यंत तिच्या सासरचं अन्नपाणी घ्यायचं नाही. तिकडे कराडला आता ही रीत कुणी विचारत नाही. नारायणरावांचे सख्खे चुलतभाऊ लेकीच्या घरी आठ-आठ दिवस राहून मटण खाऊन येतात. पण इकडे आलेल्या माणसांनी गावाकडून जे म्हणून बरोबर आणलं, ते लोणच्यासारखं बरणीत घालून वर फडकं बांधून ठेवलं. थोरल्या बहिणीनं, अक्कांनी, लग्नाच्या मांडवातच बजावलं होतं, की नारायणा, नातवंड मांडीवर घेशील तेव्हाच तिथलं पाणी पी. नारायणरावांनी मान डोलावली. एकदा मान डोलावली की हा माणूस ब्रह्मदेव आला तरी ऐकायचा नाही.

पण मला सांगा, जिथं चहा नाही, पाणी नाही, अशा घरात माणूस किती वेळ बसणार? देवासहून इंदूर, इंदूरला गंगवाल बसस्टँडला जाऊन दुसरी बस, असा तीन तासांचा प्रवास करून नारायणराव धारला पोचायचे आणि वीस मिनिटांत गप्पा संपायच्या. पाऊसपाणी झालं, गव्हाचा भाव झाला, गुडघ्यांची चौकशी झाली. मग हंबीरराव पंख्याकडे बघायचे आणि नारायणराव चपलांकडे. हंबीरराव म्हणजे दिलदार गडी. पूर्वज धारच्या दरबारात पागेवर होते, घोड्यांची खोगिरं सांभाळायचे. हे मोटरसायकलींच्या सीटांना कव्हरं शिवतात. रस्त्यानं जाणाऱ्याला ‘आओ भिया’ म्हणून पोहे-जलेबी खायला बसवणारा हा माणूस, आणि खुद्द व्याह्याला कोरडं पाठवायचं म्हणजे त्याच्या अगदी जिवावर यायचं. पण बोलणार काय? रीत रीत असते. विसाव्या मिनिटाला नारायणराव उठायचे. वेदिका दारापर्यंत यायची. झालं, परत तीन तास.

वेदिकाच देवासला का येत नव्हती, असं तुम्ही विचाराल. पहिली दोन-तीन वर्षं यायची, दिवाळीला, राखीला. मग कॉलनीतल्या बायका दारातच गाठायला लागल्या, क्या बेटा, कुछ गुड न्यूज? इंदूरला दवाखाना सुरू झाला, इंजेक्शनं झाली, आणि पोरीनं माहेरी येणंच सोडलं. फोनवर म्हणायची, शाळेतल्या पोरांच्या कॉप्या तपासायच्या आहेत, सुट्टी नाही. नारायणरावांना न कळायला ते काय दुधखुळे नव्हते. तेव्हा आता तिला बघायचं असेल तर धारलाच जायचं, आणि धारला गेलं तर वीस मिनिटं.

अशात त्यांचा मुलगा चिराग कंपनीच्या कामानं परदेशी जाऊन आला आणि येताना बापासाठी लाकडी पेटी घेऊन आला. पेटीत बारा चिरूट. बापाला सुपारीचंही व्यसन नाही हे त्या शहाण्याच्या लक्षात कसं राहिलं नाही, देव जाणे. सुमंगलाबाई म्हणाल्या, व्याह्यांना देऊन टाका, मोकळ्या हातानं जाता नाहीतरी. नारायणरावांनी पेटी धारला नेली. हंबीररावांनी झाकण उघडलं, आणि एवढा आडदांड माणूस हरखून गेला. ‘चिरूट!’ ते म्हणाले, ‘आमचे आजोबा दसऱ्याला एक ओढायचे.’ मग अंगणात खाटल्यावर बसून त्यांनी एक स्वतः घेतला आणि एक पुढे केला.

नारायणराव नको म्हणणार होते. पण एकदम त्यांच्या डोक्यात उजेड पडला. ही वस्तू ना अन्न, ना पाणी. शिवाय आणलेली त्यांनीच. रीत कुठंच मोडत नव्हती. त्यांनी चिरूट पेटवला, ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, अंगण गरगर फिरलं. हंबीरराव म्हणाले, भिया, धूर गिळायचा नाही, नुसता तोंडात फिरवायचा. आणि काय सांगावं, तो चिरूट सव्वा तास चालला. सव्वा तास! पेटलेला चिरूट टाकून उठता येत नाही, तसं उठणं बरं दिसत नाही. वेदिका धुराच्या उलट बाजूला, उंबऱ्यात कॉप्यांचा गठ्ठा घेऊन बसली. मध्येच शाळेतलं काही सांगायची, मध्येच एखाद्या पोराचं अक्षर दाखवायची. तिच्या डाव्या कानामागचे दोन केस पांढरे झालेत, हे नारायणरावांना त्या दिवशी दिसलं. वीस मिनिटांत असलं काही दिसत नाही.

पुढे मग हा छंदच झाला. दर महिन्याचा पहिला रविवार ठरला. पेटी संपली तेव्हा नारायणरावांनी इंदूरला एक दुकान शोधून काढलं. दुकानदार चवीचं काहीबाही सांगायला लागला, कुठल्या देशाचं पान, कसला वास. नारायणरावांनी त्याला थांबवून एवढंच विचारलं, की यातला सगळ्यात जास्त वेळ कुठला चालतो? दुकानदारानं असलं गिऱ्हाईक जन्मात पाहिलं नसेल. त्यानं अंगठ्याएवढा जाड एक काढून दिला.

पण गंमत अशी, की जे नुसतं कामापुरतं धरलं, ते धरता धरता माणसाला त्याची गोडीही लागते. चिरूट कोरडा पडला की चरचर जळतो, वेळ कमी होतो, हे त्यांनी मोबाइलवर पाहून घेतलं, आणि सदतीस वर्षांची विद्या अंगात जागी झाली. फुटक्या माठाचं खापर घासून धुतलं, भिजवून स्टीलच्या डब्यात तळाशी ठेवलं, वर जाळी, जाळीवर चिरूट. ओलावा मोजायचा काटा आणला. सकाळ-संध्याकाळ वहीत आकडे. सुमंगलाबाई म्हणायच्या, माझ्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या कुठं आहेत ते माहीत नाही यांना, पण त्या काड्यांना घाम आला की नाही ते बरोबर माहीत. हे बोलताना त्या हसायच्या, कारण निवृत्तीनंतर पहिल्यांदाच नवरा शीळ घालत घरात फिरताना दिसत होता.

आणि पाण्याचं काय? त्याचीही सोय नारायणरावांनी काढली होती. देवासहून दोन लिटरची बाटली भरून न्यायची. धूर ओढून घसा सुकला की पिशवीतून बाटली काढायची, चार घोट घ्यायचे, परत ठेवायची. किती साधं! रीत शाबूत, घसा ओला. या बाटलीचा त्यांना खरं सांगायचं तर थोडा अभिमानच होता. ती बाटली निघाली की वेदिका कॉपीतून डोकं वर काढायची नाही, हे मात्र या ओलावा मोजणाऱ्या माणसाच्या दोन वर्षांत एकदाही ध्यानात आलं नाही.

यंदाच्या मे महिन्यातला पहिला रविवार. ऊन असं, की बसच्या खिडकीचा गज हाताला सोसेना. नारायणराव पोचले तर हंबीरराव घरात नव्हते. सरदारपूरला कुणाच्या तरी लग्नाला गेले होते, जावई अक्षतही त्यांच्याबरोबर. घरात एकटी वेदिका. नारायणरावांचं गाडंच अडलं. व्याही नाहीत, मग चिरूट कुणाबरोबर ओढायचा, आणि चिरूट नाही तर बसायचं कशासाठी? ते दारातच म्हणाले, बरं मग, मी निघतो, पुढच्या महिन्यात येईन. वेदिका म्हणाली, बसा. ते बसले. हातांना काम हवं म्हणून त्यांनी पिशवीतून बाटली काढली आणि तोंडाला लावली.

खाली ठेवली तेव्हा वेदिका त्यांच्याकडे बघत होती.

‘बाबा, आम्ही गुरुवारी इंदूरला गेलो होतो,’ ती म्हणाली. ‘डॉक्टर म्हणाल्या, आता पुढे काही करायला नको. होणार नाही. आम्ही पण थांबायचं ठरवलंय.’

 नारायणरावांनी नुसतं तिचं नाव घेतलं.

‘माझं रडून झालंय,’ ती म्हणाली. ‘मला एकच विचारायचंय. नातवंड आता होणार नाही. मग तुम्ही माझ्या घरचं पाणी कधीच पिणार नाही का?’

त्या माणसाच्या अंगातली सगळी हवाच गेली. दोन वर्षं दर महिन्याला हा शहाणा लेकीच्या अंगणात बसून, बाटली उंच धरून, तिच्या घरात काय नाही ते तिला दाखवत होता. कॉलनीतल्या बायका निदान तोंडानं विचारायच्या. आणि आपण केवढ्या प्रेमानं येत होतो, या विचारानं तर नारायणरावांना जास्तच लाज वाटली. त्यांना अक्का आठवल्या, मांडवात डोलावलेली मान आठवली. अक्कांना जाऊन तीन वर्षं झाली होती. त्या असत्या तरी नारायणरावांनी आता कुणाला विचारलं नसतं.

‘चुकलं माझं, पोरी,’ ते म्हणाले. ‘पाणी आण.’

वेदिकानं माठातून तांब्या भरून आणला. तांब्या काठोकाठ होता, थोडं पाणी फरशीवर सांडलं. नारायणरावांनी तांब्या दोन्ही हातांनी धरला आणि न थांबता सगळा प्यायला. पोटात आधीच बाटलीतलं पाणी होतं, तरी थांबले नाहीत. रिकामा तांब्या परत दिला आणि म्हणाले, आता चहा टाक, आणि जेवायला काय आहे ते सांग, मला संध्याकाळच्या बसपर्यंत काही काम नाही.

वेदिका आत गेली. स्वयंपाकघरात भांडी जरा जास्तच वाजत होती. नारायणराव खुर्ची उचलून तिथंच, ओट्याजवळ नेऊन बसले. सहा वर्षांत हे स्वयंपाकघर त्यांनी आतून पाहिलं नव्हतं. खिडकीत तुळस होती, फळीवर सुमंगलाबाईंनी लग्नात दिलेले डबे होते. चिरूट पिशवीतच राहिला.

वेदिकानं आधण ठेवलं, चहाची पूड घातली आणि साखरेचा डबा हातात घेऊन मागे वळली. बाबांना साखर किती लागते ते तिला आठवेना असं दिसलं. सहा वर्षांत या घरात बापाला तिनं कपभर चहा करून दिला नव्हता.

‘साखर दोन चमचे ना, बाबा?’

नारायणरावांना तीन वर्षांपूर्वी मधुमेह निघालेला. पोरीला घोर नको म्हणून तिला कुणी कळवलं नव्हतं. घरी सुमंगलाबाई चहात साखरेचा कण पडू देत नाहीत.

‘हो,’ नारायणराव म्हणाले. ‘दोनच.’