साडेतीन म्हणजे तीन

चष्मेकाकांचं दुकान बुधवारी बंद. त्या दिवशी ते शटर अर्धं ओढून आत युद्ध करत. अकरा वर्षं करत होते.

युद्ध कागदावरचं. काका गुहा आणि राक्षस रंगवून सांगणार, त्यांची थोरली बहीण आणि शेजारचे निवृत्त पोस्टमन आपापला योद्धा घेऊन लढणार. वीस बाजूंचा फासा टाकायचा, वार लागला की नाही ते कळतं. मग आठ बाजूंचा टाकायचा, किती लागला ते कळतं, तेवढे जीव कमी. नियमांची वही काकांची, हस्ताक्षर सुरेख, आणि पहिल्याच पानावर लिहिलेलं: ‘अपूर्णांक सोडून द्यावा.’

हे धंद्यातून आलेलं. काकांकडे भिंगांचे नंबर पाव-पावने वाढत. गिऱ्हाइकाचा डोळा मधेच कुठे अडला, तर काका खालचा नंबर देत. “डोळ्याला थोडी भूक असावी,” म्हणत. बायको असताना चहातही साखर अशीच घालत. ती बिचारी नंतर गुपचूप वाढवून घ्यायची.

ताईंच्या योद्ध्याचा वेग दोन फेऱ्यांत तीन वार. आता दीड वार कोण कसा करणार? म्हणून विषम फेरीत एक, सम फेरीत दोन.

त्या बुधवारी ताईंचा शेवटचा डाव होता. गुडघे जिना चढेनात, म्हणून त्या लेकीकडे राहायला निघाल्या होत्या, चार तासांवरच्या गावी. सामान गाडीत, जावई बाहेर. आणि गुहेतला खवल्यांचा राक्षस, ज्याच्या मागे त्या वर्षभर होत्या, अजून जिवंत! त्याचे चार जीव उरलेले, ताईंचे तीन. पोस्टमन केव्हाच बेशुद्ध पडून शेंगदाणे खात होते.

तिसरी फेरी. एकच वार. लागला. फाशावर सात. खवल्यांमुळे मार निम्मा.

“साडेतीन,” काका म्हणाले. मग चष्मा काढून पुसू लागले. “चार धरू या, ताई.”

पोस्टमन चघळायचे थांबले.

“का रे? मी मरायला टेकलेय का?”

“तसं नाही गं. जायचंय तुला...”

“अकरा वर्षं माझे अर्धे खाल्लेस, ढेकरही दिला नाहीस. आता दया दाखवतोस? तीन लिही.”

काकांनी तीन लिहिले. राक्षसाचा एक जीव उरला. त्याने उलट चावा घेतला: पाच. ताईंच्या ढालीने निम्मा, म्हणजे अडीच.

“दोन!” ताई ओरडल्या. “बघ, अर्धा सोडलास म्हणून उभी आहे मी!”

बाहेर हॉर्न वाजला.

चौथी फेरी. सम, म्हणजे दोन वार. पहिला हुकला. दुसरा लागला. ताईंनी आठ बाजूंचा फासा ओंजळीत खूप वेळ हलवला.

एक.

एकाचा निम्मा अर्धा. अर्धा सोडून द्यायचा. मग ताईच आधी हसल्या, इतक्या की डोळ्यांना पदर लावावा लागला.

शटरखालून जावयाचे बूट दिसले. “आई, अंधार होईल हो पोचायला.”

“आले. हा मेला मरतच नाही.”

ताई उठल्या. त्यांचा एक जीव, राक्षसाचाही एक. काका वही मिटेनात.

“फेरी अर्धी राहिली,” ते पुटपुटले. “अपूर्णांक...”

“खबरदार सोडलास तर,” ताई म्हणाल्या. “तुझा चावा बाकी आहे. पत्ता पोस्टमनना ठाऊक आहे.”

काका गाव सोडून कुठे जात नसत. बसमध्ये मळमळतं, असं कारण देत. पुढल्या बुधवारी पोस्टमननी त्यांना खिडकीजवळ बसवलं, हातात लिंबू दिलं. फासे चष्म्याच्या डबीत होते. वळणावळणाला खुळखुळत होते.

लेकीच्या दारात ताई वाट बघतच होत्या.

“मळमळलं का रे?”

“दोनदा. मधे एकदा अर्धवट.”

“म्हणजे दोनदाच. ये आत, टाक फासा.”