अम्मींच्या बरणीवरची लाल शाई

खडूचे तुकडे आणि स्टाफरूममधले किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. एक दिवस ड्रॉवर उघडावा तर गच्च भरलेला! मुरुडच्या शाळेत मी इंग्रजी शिकवते, आणि माझ्या ड्रॉवरमधले बरेचसे किस्से एकाच शब्दापाशी येतात. तो शब्द म्हणजे 'क्रेझ'.

नववीतल्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, क्रेझ हा शब्द आला कुठून?"

मला कुठे माहीत होतं! "उद्या सांगते," म्हटलं. शिक्षकांचं ठेवणीतलं उत्तर.

मधल्या सुट्टीत डिक्शनरी काढली आणि डब्याचं भानच राहिलं नाही. या शब्दाचा जुना अर्थ फुटणं, तडकणं! आधी भांडी तडकायची, मग माणसाची तब्येत, मग डोकं. पुढे तो अर्थ निवळत गेला आणि कशाचंही वेड लागलं की लोक त्याला क्रेझ म्हणू लागले.

गणिताचे कांबळे सर भाकरी मोडत म्हणाले, "म्हणजे डोक्याला चीर पडल्याबिगर क्रेझ येत न्हाय!"

*

सरांची स्वतःची चीर क्रिकेटची. एकदा रेवदंड्याहून येताना किनाऱ्यावर टेनिस बॉलची मॅच दिसली. "एकच ओव्हर बघतो," म्हणून एसटीतून उतरले, ते शाळेत तिसऱ्या तासाला पोचले.

मुख्याध्यापकांनी लेखी खुलासा मागितला. सरांनी एका ओळीत दिला : "बॉलर नो-बॉल टाकत राहिला!"

*

मुख्याध्यापकांना क्रेझ लेखीची. पंखा बंद पडला? अर्ज द्या. डस्टर हरवलं? अर्ज द्या. एकदा भाच्याच्या साखरपुड्याला जायचं म्हणून त्यांनी अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज स्वतःलाच लिहिला, आणि नामंजूर केला!

"का हो सर?" मी विचारलं.

"कारण समाधानकारक नव्हतं."

*

आमच्याकडे डबे एकाच टेबलावर उघडतात आणि मधोमध लोणच्याची चिनी मातीची बरणी असते. ती विज्ञानाच्या नसरीन मॅडमच्या अम्मींची. दर उन्हाळ्यानंतर ती नव्या लोणच्याने भरून यायची. पण या खेपेचं लोणचं शेवटचं होतं. अम्मींना आता काही आठवत नाही. कितीतरी महिन्यांत त्यांनी नसरीनला नावाने हाक मारली नव्हती. "बाई, तुमी कुनाकडं आलात?" असं पोटच्या पोरीला विचारायच्या. म्हणून नसरीन त्या बरणीला जिवापाड जपायची.

त्या क्रेझच्या दिवशी मी डिक्शनरीतली पुढची ओळ मोठ्याने वाचली. बरणीच्या वरच्या झिलईवर बारीक चिरांचं जाळं पडतं, त्याला कुंभारकामात अजूनही हाच शब्द वापरतात. सगळ्यांच्या नजरा बरणीकडे वळल्या. खरंच की! केसासारख्या बारीक रेघा होत्या, आणि इतक्या वर्षांत एकालाही दिसल्या नव्हत्या.

नसरीनने चमचा खाली ठेवला. "फुटली तर?"

"चीर वाढते का ते तपासू," कांबळे सर म्हणाले. पेपर तपासायचं लाल शाईचं पेन काढून त्यांनी रेघांच्या टोकांना खुणा केल्या. "उद्या खुणेच्या पुढं गेली, तर समजायचं."

नसरीन बिचारी सवयीची. सुट्टी संपल्यावर तिने रोजच्यासारखी बरणी ओल्या फडक्याने पुसून ठेवली.

*

सकाळी बघतो तर बरणीवर या काठापासून त्या काठापर्यंत लालभडक जाळी! कांबळे सर वाकून आपल्या खुणा शोधायला लागले. नसरीनच्या डोळ्यांत पाणी आलं.

"अम्मीच्या हातचं एवढंच राहिलंय हो," ती म्हणाली.

गलबला ऐकून मुख्याध्यापक धावत आले. "अर्जबिर्ज नंतर! आधी दुसरी बरणी आणा!"

तेवढ्यात नसरीनमधल्या विज्ञानाच्या बाई जाग्या झाल्या. तिने बरणी उचलून खाली अंथरलेला पेपर पाहिला. तो कोरडा ठणठणीत, तेलाचा एक थेंब नाही. रेघेवरून नख फिरवलं, ते कुठे अडकलं नाही.

"चिरा वाढल्या नाहीत, सर. तुमची शाई त्यांच्यात शिरलीय! आणि पुसून पुसून मीच ती पसरवली!"

ती रडता रडता हसायला लागली. सरांनी साबण लावला, लिंबू चोळलं, पण जाळी काही निघाली नाही.

*

पुढे लोणचं संपलं. बरणी घरी पोचवायला नसरीनबरोबर मी गेले. कांबळे सरही आले, अम्मींची माफी मागायला.

अम्मी पडवीत बसल्या होत्या. नसरीनने धुतलेली बरणी त्यांच्यापुढे ठेवली. त्या लाल रेघांवरून कितीतरी वेळ बोट फिरवत राहिल्या.

"हिला मेंदी कुनी लावली?"

सर मान खाली घालून म्हणाले, "मी, अम्मी."

"बरी लावलीस."

मग त्यांनी नसरीनचा हात मांडीवर ओढून घेतला, तळवा उलटा करून पाहिला.

"नि तुझंच हात कोरं का गो, नसरीन?"