निळ्या कापडावरचं जातं

शत्रूच्या झेंड्याला निळा रंग देताना माझ्या मनात काहीही आलं नव्हतं, असं मी एकदा चार माणसांसमोर सांगितलं आणि पुढे स्वतःलाही तेच पटवत राहिलो. ते खोटं होतं. मनात आलं होतं. हे मी आजवर कुणापुढे बोललेलो नाही, घरातही नाही.

नाशिक रोडला एका सरकारी कचेरीत मी ट्रेसर होतो, नकाशे गिरवायचो. सर्व्हेच्या कामाने जीपमधून सुरगाण्याकडे जाणं व्हायचं. तिथले डोंगर बघता बघता मला एक नाद लागला. जिथे कधीकाळी एखादं चिमुकलं संस्थान होतं, किंवा असायला हवं होतं असं मला वाटायचं, त्या जागेसाठी मी झेंडा काढायचो. घाटात जकात घेणाऱ्या एका राज्याच्या झेंड्यावर अर्धवट उघडा दरवाजा. गोदावरीतल्या नसलेल्या बेटावर राहणाऱ्या राजाला पांढरा झेंडा, आणि त्याच्या खालच्या काठाला गढूळ तपकिरी पट्टी, पूर ओसरल्यावर भिंतीवर राहते तशी.

हा उद्योग एकाच माणसाला माहीत होता. शेजारच्या टेबलावरचा क्लार्क, माझा मित्र. डबा उघडला की विचारायचा, "आज कुठलं राज्य स्थापन केलं, महाराज?" तो बौद्ध, मी मराठा. हे बोलून दाखवायची वेळ आमच्यात कधी आली नव्हती. निदान माझ्यावर आली नव्हती.

अठ्ठ्याहत्तर साल होतं. त्या पावसाळ्यात मराठवाड्यात विद्यापीठाच्या नावावरून वस्त्या जळाल्या होत्या. कचेरीत तो विषय निघायचा, आणि मित्र जवळ आला की थांबायचा. थांबवणाऱ्यांत मीही असायचो. त्यालाच आम्ही समजूतदारपणा म्हणत होतो.

हिवाळ्यात आमच्या वसाहतीच्या नाट्यमंडळाने नाटक घेतलं. लिहिलं हेडक्लार्कनी, बसवतही तेच होते. डोंगरातली दोन काल्पनिक राज्यं, एक आपलं आणि एक शत्रूचं. माझ्या मित्राने कित्येक वर्षं पडदा ओढला होता, खुर्च्या उचलल्या होत्या. त्याला पहिल्यांदा बोलायची भूमिका मिळाली. शेवटच्या अंकात गड चढणारा सैनिक. त्याने शत्रूचा झेंडा खाली ओढायचा, पायाखाली तुडवायचा आणि म्हणायचं, "गड आपला झाला. आता डोंगराला सांगा, घाबरू नकोस." एवढंच. सायकलवर, चहाच्या टपरीवर, साहेबांच्या केबिनबाहेर उभं असताना तो ही दोन वाक्यं पुटपुटत असायचा. टपरीवाला त्याला विचारायचा, "झाला का गड, की अजून एक कटिंग?"

झेंड्यांसाठी माझं नाव हेडक्लार्कना त्यानेच सुचवलं.

आपल्या राज्याचा झेंडा पटकन जमला. गडद लाल, आणि वर सोनेरी नागलीचं कणीस, मिटत आलेल्या बोटांसारखं. शत्रूच्या झेंड्यापाशी अडलो. हेडक्लार्क म्हणाले, "हिरवा करा, लोकांना लगेच कळेल." मी म्हणालो, "प्रयोग नाशकात आहे, साहेब. उगाच भानगड होईल." त्यांना पटलं. काळा मागच्या काळ्या पडद्यावर दिसला नसता. पांढरा म्हणजे शरण. पिवळा खंडोबाचा. मी आधी देवळाली कॅम्पच्या बाजारातून राखाडी कापड आणलं होतं, पण दिव्याखाली ते फारच मेलेलं दिसायला लागलं. मग मेनरोडवरून निळं आणलं.

ते कापड दुकानदार फाडत होता तेव्हाच माझ्या मनात आलं की हा रंग कुणाचा आहे. आणि लगेच दुसरा विचार आला, ही माणसं काही बोलणार नाहीत. वसाहतीत त्यांची घरं थोडी. हिरव्याला मी घाबरलो होतो. निळ्याला घाबरायचं कारण मला दिसलं नाही.

त्यावर मी पांढऱ्या रंगात जातं काढलं. दुसऱ्यांचं धान्य लुटून दळणारं राज्य, म्हणून जातं. गोल, मधे खुंटा, आणि खालच्या तळीला छिन्नीने टाकी लावल्यावर दिसतात तशा मधून निघालेल्या रेघा. लांबून ते चक्र दिसत होतं. तेही मला कळलं.

दोन्ही झेंडे शिवायला मित्राच्या बायकोकडे दिले. तिच्याकडे शिलाई मशीन होतं. रविवारी दुपारी आणायला गेलो तर लाल झेंडा खुर्चीवर होता आणि निळा वर फळीवर, नीट घडी करून ठेवलेला. तिने तो काढून दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला.

"भाऊजी, हा कुठे लावायचाय?"

"गडावर, वहिनी. म्हणजे लावायचा आणि मग खाली काढायचा."

"कोण काढणार?"

मी तिच्या नवऱ्याकडे पाहिलं. तिनेही पाहिलं. मग ती चहा टाकायला आत गेली.

मित्राने झेंडा उलगडला. "हे काय आहे?"

"जातं."

"जात आहे, ते दिसतंच आहे," तो म्हणाला आणि हसला. मीही हसलो. मग तो हसायचा थांबला. "रंग बदल. बाकी काही म्हणत नाही. प्रयोगाला माझा बाप येणार आहे, वस्तीतली माणसं येणार आहेत. त्यांच्यासमोर मी ह्याच्यावर पाय देऊ?"

"अरे, आकाशाचा रंग आहे. आणि आता कापड कुठून आणू? प्रयोग परवावर आला."

राखाडी कापड माझ्या ट्रंकेत होतं. झेंडा होऊन वर उरलं असतं. पण रंग बदलला असता तर मला आधीच कळलं होतं हे कबूल झालं असतं. आणि खरं सांगायचं तर ते जातं निळ्यावर फार सुंदर दिसत होतं. ते मला सोडवेना.

प्रयोगाच्या संध्याकाळी मी विंगेत उभा होतो. शेजारी हेडक्लार्क, हातात संहिता. मागच्या रांगांमध्ये मित्राचे वडील पांढऱ्या टोपीत बसलेले दिसत होते. तिसऱ्या अंकात गड उभा राहिला, वर माझा निळा झेंडा लागला, आणि मागच्या रांगांमधली कुजबुज एकदम थांबली. मित्र चढला. त्याने दोरी सोडली. झेंडा खाली आला, तो त्याने जमिनीला टेकायच्या आत हातावर झेलला.

"तुडवा," हेडक्लार्क विंगेतून म्हणाले. "अहो, तुडवा."

तो उभा राहिला. मला वाटलं आता वाक्य म्हणेल. त्याने झेंड्याची टोकं जुळवली, एक घडी घातली, मग दुसरी. त्याच्या बायकोने घातली होती तशीच. झेंडा काखेत धरून तो आमच्या विंगेकडे वळला आणि माझ्याकडे बघत राहिला. प्रेक्षकांकडे त्याची पाठ होती. ती दोन वाक्यं तो बोललाच नाही. पडदा पाडावा लागला.

दुसऱ्या दिवशी वसाहतीच्या हॉलमध्ये बैठक झाली. हेडक्लार्क म्हणाले, "गड जिंकायला पाठवलं होतं तुम्हाला, कपडे इस्त्रीला टाकायला नाही." लोक हसले. मित्र म्हणाला, "मी आधी सांगितलं होतं." "कुणाला?" "ह्याला. का नाही तुडवला, ते हा सांगेल."

तो अगदी निश्चिंतपणे म्हणाला. मी सांगेन याबद्दल त्याला शंका नव्हती.

मी म्हणालो, "कापडाचं काहीतरी बोलला होता. माझ्या मनातही नव्हतं हो. आकाशाचा रंग म्हणून घेतला."

"बघा," हेडक्लार्क म्हणाले, "तुम्हा लोकांना जिथे तिथे तेच दिसतं."

मित्र उठून गेला. बाहेर त्याच्या सायकलचं स्टँड निघाल्याचा आवाज आला. पुढच्या वर्षी पात्रांच्या यादीत त्याचं नाव नव्हतं, त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. पडदा ओढायलाही त्याला कुणी बोलावलं नाही. शेजारच्या टेबलावर तो काम करत राहिला, डबाही माझ्याबरोबर खात राहिला. महाराज म्हणायचं मात्र त्याने सोडलं. मी झेंडे काढायचं सोडलं.

काही वर्षांनी त्याची सुरगाण्याला बदली झाली. सामान पुढे गेलं होतं, तो आणि वहिनी बसची वाट बघत होते. मी सोडायला गेलो होतो. बोलायचं ठरवूनच गेलो होतो.

"अजून काढतोस का झेंडे?" त्याने विचारलं.

"नाही."

"काढत जा. हात चांगला होता तुझा."

वहिनी माझ्याकडे बघत होती. बस आली, मी त्यांची पिशवी वर दिली, आणि बोललो नाही.

रंग कुणाचा आहे हे मला कळलं होतं, आणि दुसरं कापड माझ्या घरात होतं. ही दोन वाक्यं मी त्याला देणं लागतो, त्याच्या बायकोसमोर. हेडक्लार्क अजून वसाहतीतच राहतात, म्हणजे त्यांच्यासमोरही. लिहून हे देणं फिटत नाही. मला ती तोंडाने बोलायची आहेत, आणि अजून मी बोललेलो नाही.